सोयाबीनच्या थप्पीत दुसरा अल्बम

संघदीपची आणि माझी पहिली भेट झाली त्या दिवशी शिरपूर जैनच्या बसस्टँडवरचे सगळे कावळे गाव सोडून गेले. ते अजून परतलेले नाहीत असं जाणकार सांगतात. माझ्या विहिरीवरची मोटर जळाली होती. दोन मेकॅनिकांनी तिची नाडी पाहून मान हलवली होती, आणि मी तिला स्कूटरच्या पायरीवर झोपवून संघदीपच्या दुकानात शेवटचा उपाय म्हणून घेऊन आलो होतो. उंबऱ्यात पाय ठेवला आणि तेवढ्यात आतून आवाज आला.

आवाज म्हणजे काय सांगू! माझा चष्मा नाकावरून उडाला तो कपाळावर जाऊन बसला. समोरच्या टपरीवर उतरवून ठेवलेला चहा पुन्हा उकळला. शेजारच्या टेलरची मशीन आपोआप सुरू झाली आणि तिने एका गिऱ्हाइकाच्या पँटीला शर्टाची बाही शिवून दिली. यात्रेकरूंची बस नुकतीच वळत होती. तिचा ड्रायव्हर टायर फुटला म्हणून खाली उतरला, सगळी चाकं मोजली, भरवसा बसेना म्हणून उलट्या बाजूने पुन्हा मोजली. आणि माझी ती मयत मोटर, हे मी शपथेवर सांगतो, स्कूटरवर पडल्यापडल्या एकदा गर्रकन फिरली.

धूळ खाली बसल्यावर आत एक बारीक तरुण दिसला. मोटरच्या शाफ्टसारखा सरळ, केस खांद्यापर्यंत, आणि ते बांधायला वाइंडिंगवर गुंडाळतात ती पांढरी कापडी पट्टी. गळ्यात गिटार.

"आवाज जास्त झाला का, काका?"

"काय?"

"म्हन्लं, आवाज जास्त झाला का?"

"हो! फार जास्त!"

"ऐकू आलं ना तुमाले मी काय म्हन्लं ते? मंग अजून कमी हाय," असं म्हणून त्याने अ‍ॅम्प्लिफायरच्या काळ्या पेटीवरचं बटन आणखी पिळलं.

अशी आमची ओळख झाली. त्याने माझी मोटर भरून दिली, ती आजही चालते आहे. माझा उजवा कान मात्र अजून भरून यायचा आहे.

संघदीपचा धंदा मोटरी भरण्याचा. जळालेल्या मोटरीतली काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची तार वेटोळी घालून बसवायची, वार्निश पाजायचं आणि पुन्हा विहिरीत सोडायची. त्याचे वडील मारोतराव गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीच्या महिन्यात तर त्यांचे पाय घराला लागत नसत. पोराने पेटी धरावी अशी त्यांची इच्छा होती. पोराने गिटार धरली, आणि तीही घरी केलेली. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबकावर तांब्याची तार गुंडाळलेली एक डबी असते, ती तारांची थरथर पकडते. ती बाजारात मिळते. पण ज्याने हयात तांब्याची तार गुंडाळण्यात घालवली, त्याने ती विकत कायले घ्यावी? संघदीपने मोटरीच्याच तारेची डबी केली. त्यामुळे त्याच्या गिटारला एक खास आवाज आहे. सात एचपीचा.

बँडचं नाव 'थ्री फेज'. आमच्याकडच्या शेतकऱ्याला आयुष्यात दोनच गोष्टींची वाट पाहायची सवय असते, एक भाव आणि दुसरी थ्री फेज लाइन. त्यामुळे हे नाव सगळ्यांना लगेच आपलंसं वाटलं. बँडमध्ये माणसंही तीन. गिटार आणि गळा संघदीपचा. चार जाड तारांची बेस गिटार लखनची. त्याची पिठाची गिरणी आहे आणि त्याचा चेहरा वाजवतानाही दळण संपायची वाट पाहत असल्यासारखा असतो. रेकॉर्डिंगचा लॅपटॉपही त्याचाच, म्हणून तो अधूनमधून स्वतःला इंजिनिअर म्हणवतो. आणि ड्रमवर साक्षी. ती पंजाबराव पाटलांची मुलगी, बी.एस्सी. झालेली. तिने लहानपणी फवारणीच्या रिकाम्या टाक्या उलट्या ठेवून ठोकायला सुरुवात केली. तेव्हा गावाला वाटलं, पोट्टी खेळून राह्यली. पुढे टाक्या फुटू लागल्या तेव्हा गावाला कळलं की ती खेळत नाही.

"आमी सदर्न हार्ड रॉक हाओ, काका," संघदीपने मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं.

"सदर्न म्हणजे?"

"जिल्ह्याचा नकाशा भिंतीले लावा. कारंजा, धनज वर. आपुन खाली, रिसोडच्या अंगाले. वरते डीजे वाजते, खालते रॉक. मंग आमी सदर्नच ना!"

मी घरी जाऊन नकाशा काढून पाहिला. भूगोल बरोबर होता.

त्यांचा पहिला अल्बम 'डीपी उडाली' (डीपी म्हणजे गावचा विजेचा ट्रान्सफॉर्मर) लखनच्या गिरणीच्या टिनाच्या शेडमध्ये रेकॉर्ड झाला. तो जिल्हाभर वाजला. ट्रॅक्टरवर वाजला, थ्रेशरवर वाजला, मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला निघालेल्या ट्रकांतून वाजत वाजत पार साखर कारखान्यापर्यंत गेला. संघदीपची छाती एवढी फुगली की शर्टाची वरची दोन बटनं त्याने कायमची उघडी ठेवली. आणि मग पुण्याच्या एका माणसाने, जो असल्या बँडांवर इंटरनेटवर लिहितो, एक ओळ लिहिली: 'या अल्बममध्ये सर्वांत छान वाजला आहे तो पत्रा.'

बस, एवढंच लिहिलं होतं. पण ती ओळ संघदीपला अशी लागली की काय सांगू. त्याने अल्बम पुन्हा ऐकला. आणि खरंच, ड्रमच्या प्रत्येक ठोक्यामागे शेडचा पत्रा खणखणत होता, गिटारच्या मागे पत्रा कण्हत होता, आणि एका हळव्या गाण्यात तर संघदीपपेक्षा पत्राच जास्त भावुक झाला होता. त्या आठवड्यात त्याने भरलेल्या मोटरी उलट्या फिरल्या. एका शेतकऱ्याने येऊन सांगितलं, "दादा, मोटर चालू केली का घुमते, पन पानीच नाई येत!"

"दुसरा अल्बम करतो, काका," संघदीप मला म्हणाला. इतका गंभीर मी त्याला कधी पाहिला नव्हता. "त्यात जर पत्रा ऐकू आला, तर गिटार इकून टाकतो अन् गुपचूप मोटरी भरतो. बाबा तं म्हनतेच, का पेटी धरली असती तं पत्रा वाजला नसता."

म्हणजे सगळं आयुष्य आता एका पत्र्यावर येऊन ठेपलं होतं. आणि आमच्या भागात पत्र्याशिवाय छप्पर शोधणं म्हणजे उन्हाळ्यात नाल्याला पूर शोधण्यासारखं आहे. त्यांनी समाजमंदिर पाहिलं, तिथे फरशीचा घुमारा. लखनच्या मामाचं घर पाहिलं, तिथे मामा. शेवटी साक्षी म्हणाली, "आमचं गोदाम पाहू. वरतं पत्राच हाय, पन आत सोयाबीन हाय."

आता पंजाबरावांची ओळख करून द्यायला हवी. उंच, पांढरी टोपी, मिशी अशी की तिच्यावर कावळा बसला असता. (कावळे आता नाहीत, ते मघाशी सांगितलंच.) घर हळदीवर व्यवस्थित चालायचं. सोयाबीन हा त्यांचा धंदा नव्हता, स्वाभिमान होता. दोन हंगामांचं सोयाबीन त्यांनी गोदामात थप्प्या मारून ठेवलं होतं आणि ते विकत नव्हते. बाजारात भाव चढला की म्हणायचे, "अजून चढीन." उतरला की म्हणायचे, "आता उतरल्यावर कोन इकते?" आणि दोन्ही वेळा शेवटी दोनच शब्द: "भाव येईन." त्यांच्या घरी लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणे आधी गोदाम पाहायचे, मग मुलगी.

संघदीप, लखन आणि साक्षी त्यांच्यासमोर उभे राहिले तेव्हा मीही होतो. वडीलधारा माणूस सोबत असला की बरं, असं लखनचं मत पडलं होतं.

"काय वाजवता?" पंजाबरावांनी विचारलं.

"रॉक, काका. हार्ड."

"हार्ड म्हंजे किती?"

साक्षीने पायरीवरच पडलेल्या टाकीवर दोन दणके दिले. त्याबरोबर गोदामाच्या दाराखालून तीन उंदीर बाहेर पडले आणि मागे न पाहता गोठ्याकडे पळाले.

पंजाबरावांनी उंदरांकडे पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं. मिशीखाली काहीतरी हललं.

"वाजवा," ते म्हणाले. "रोज वाजवा. काहून नाई वाजवावं?"

अशा रीतीने दोन हंगाम उंदरांच्या गोळ्या, मांजरं आणि मंत्र यांनी जे साधलं नव्हतं ते काम थ्री फेजकडे आलं, आणि बदल्यात थ्री फेजला गोदाम मिळालं.

संघदीपने पोती अशी रचून घेतली की मधोमध एक खोली तयार झाली. चारी बाजूंना सोयाबीनच्या भिंती, वर आडवे बांबू, बांबूंवर ताडपत्री आणि तिच्यावर रिकाम्या बारदानाचा ढीग. त्या खोलीत मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा संघदीप म्हणाला, "टाळी वाजवा, काका."

मी वाजवली. टाळी जागच्या जागी मेली. तिला मागून कोणी आलं नाही, पुढे कोणी गेलं नाही. आपण वाजवली की नाही अशी शंका यावी, इतकी ती एकटी होती.

"पाह्यलं?" संघदीपचे डोळे लखलखत होते. "पत्रा मुका झाला! सोयाबीन सारा आवाज पिऊन टाकते!"

मग साक्षीने ठोका मारला. ड्रम पहिल्यांदा ड्रमसारखा वाजला! पोटात बुक्की बसावी तसा. लखनची गिटार जमिनीतून वर आल्यासारखी. आणि संघदीपने त्या सात एचपीच्या तारा छेडल्या तेव्हा, खरं सांगतो, मला माझं वय आठवेना. मी पायाने ताल धरला होता. सोयाबीनचा उग्र वास, धुळीचे कण, चौघांच्या अंगाला घामाच्या धारा, आणि मध्ये तो आवाज, स्वच्छ, काळ्या मातीत नांगर घुसावा तसा. एक गाणं संपलं की आम्ही चौघं एकमेकांकडे पाहून वेड्यासारखे हसायचो. दारात पंजाबराव एक खुर्ची टाकून बसायचे. गाण्यासाठी नाही, उंदरांसाठी. पण पुढेपुढे त्यांची चप्पल ठेक्यावर हलायला लागली. आम्ही पाहिलं की ती थांबायची.

एक अडचण होती. आजूबाजूच्या शेतातल्या मोटरी सुरू झाल्या की गोदामातला विजेचा दाब पडायचा आणि संघदीपची काळी पेटी म्हशीसारखी हंबरायची. मग संघदीप बांधाबांधाने पळत जाऊन लोकांना सांगायचा, "दादा, थोडा वेळ मोटर बंद ठेवता का? सोलो राह्यला." आणि लोक ठेवायचे, कारण ती मोटर त्यानेच भरलेली असायची. उगाच नाही म्हणायची सोय नव्हती.

गाण्यामागून गाणं होत गेलं. शेवटचं तेवढं उरलं, अल्बमचं मुख्य गाणं. त्याचे शब्द संघदीपने पंजाबरावांच्याच तोंडून उचलले होते:

थांब जरासा, थांब भाऊ,
भाव येईन, मंग जाऊ.

आणि मग ज्याची सगळा जिल्हा वाट पाहत होता आणि फक्त तीन माणसं पाहत नव्हती, ती गोष्ट घडली. भाव आला.

काय तो दिवस! सकाळीच फोन वाजायला लागले. ज्याच्याकडे दोन पोती होती तोही मिशांना पीळ देऊन फिरू लागला. रस्त्याने टेम्पो, ट्रॅक्टर, बैलगाड्या, एकाने तर मोटरसायकलवर बायकोला उतरवून पोतं बसवलं. सगळं गाव वाशीमच्या दिशेने कलंडलं. आणि सगळ्या गावाचे डोळे एका माणसावर. पंजाबराव आता तरी इकतेत का?

साक्षी धावत वडिलांकडे गेली. मागे आम्ही.

"बाबा, उद्या इका ना. एकच गानं राह्यलं. एक दिवस!"

"व्यापाऱ्याचा ट्रक निंगाला हाय."

"तुमी दोन वर्षं थांबले नं बाबा! एक दिवस नाई थांबू शकत?"

पंजाबरावांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली. "बेटा, मले थांबायचं तू शिकवतं? दोन वर्षं थांबलो म्हनूनच सांगतो. आजपावतर जवा जवा एक दिवस थांबलो, तवा तवा उतरला."

इतका मोठा कबुलीजबाब त्या माणसाने आयुष्यात कधी दिला नव्हता. संघदीपकडे बघवत नव्हतं. तो मान खाली घालून म्हणाला, "इका काका. माल तुमचा हाय." आणि गोदामात जाऊन तारा गुंडाळायला लागला.

ट्रक आला, हमाल आले. हमालांचा मुकादम रामसिंग, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, खांदे असे की दोन पोती ठेवली तर तिसऱ्याला जागा उरावी. बाहेरच्या थप्प्या भराभर उतरू लागल्या. दुपार कलेपर्यंत उरली ती फक्त संघदीपच्या खोलीची चार भिंतींची पोती. बाकी गोदाम ओकंबोकं. रामसिंग त्या भिंतीपाशी आला आणि आतमध्ये गिटार बांधत बसलेल्या पोराकडे पाहून थबकला.

"हा 'डीपी उडाली'वाला नाई का बे?" त्याने लखनला विचारलं. "तोडीवर लय वाजवलं आमी हे!"

लखनने सगळं सांगितलं. पत्रा, पुणे, शेवटचं गाणं. रामसिंगने कान खाजवला.

"पन दादा, आमी तं थांबू नाई शकत. शेट वरडून राह्यला. आमाले रोजी पोत्याची, गान्याची नाई."

तेवढ्यात संघदीप ताडकन उभा राहिला. ते तोंड मी ओळखत होतो. पहिल्या भेटीत बटन पिळताना तेच होतं.

"थांबू नका! रामसिंगभाऊ, तुमी पोती उचला. आमी वाजवतो. जवपावतर पोती हाय, तवपावतर गानं."

"अन् पत्रा?" साक्षी ओरडली. "अर्ध्या गान्यात पत्रा वाजीन ना!"

"वाजू दे! लपून कायले वाजते मंग? आता समोर येऊन वाजीन. पन शेवटी, आमी बोलावल्यावर!"

बाहेर व्यापारी घड्याळ दाखवत होता. पंजाबराव त्याच्यासमोर आडवे उभे राहिले. रामसिंग आपल्या माणसांकडे वळला आणि म्हणाला, "चपला काढा रे. पावलाचा आवाज गान्यात नको." आणि आठ हमालांनी देवळात शिरताना काढतात तशा चपला गोदामाच्या दारात काढून ठेवल्या. ते पाहून जमलेल्या गावाने काढल्या. व्यापाऱ्याने बूट काढले. पंजाबरावांनीही चप्पल काढली.

संघदीपने चार मोजले आणि सुरुवात झाली.

सुरुवातीला आवाज तसाच, दबलेला, जवळचा, कानात कुजबुजल्यासारखा. 'थांब जरासा, थांब भाऊ.' हमाल वाकले, उठले, पोतं पाठीवर, अनवाणी पावलं ठेक्यात. मागची भिंत गेली आणि गिटारला जरा श्वास फुटला. बाजूची गेली आणि साक्षीचा ठोका दूर जाऊन परत येऊ लागला. गाणं चार मिनिटांचं होतं, पण पोती संपेनात, म्हणून संघदीप वाजवतच राहिला, असा वाजवत राहिला की त्याच्या बोटांना बहुतेक त्याच्याही आधी कळत होतं पुढे काय ते. लखन पहिल्यांदाच हसताना दिसला. बाहेरच्या शेतात कोणीही मोटर लावली नव्हती. तिसरी भिंत! चौथी! आता उघड्या गोदामात तीन माणसं, डोक्यावर बांबूंवरची ताडपत्री. रामसिंगने संघदीपकडे पाहिलं. संघदीपने मानेने खूण केली. चौघा हमालांनी चार कोपरे धरले आणि बारदानासकट सगळं छप्पर खेचून काढलं.

आणि पत्रा आला! सगळा पत्रा! या टोकापासून त्या टोकापर्यंत, गडगडत, जणू आभाळच ड्रमवर बसलं! साक्षीने शेवटचा दणका दिला, आणि तो फिरत फिरत, भिंतींवर आपटत कितीतरी वेळ गोदामभर राहिला.

"झालं का?" व्यापारी हळूच म्हणाला, स्वतःचे बूट हातात धरून.

पंजाबराव डोळे पुसत होते. धुळीने, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाव उतरला. पंजाबरावांनी आयुष्यात पहिल्यांदा योग्य दिवशी माल विकला होता. त्यांनी गावभर पेढे वाटले आणि पहिला पेढा संघदीपच्या वडिलांना नेऊन दिला. 'भाव येईन' बाहेर पडला तेव्हा त्याच पुण्याच्या माणसाने लिहिलं की शेवटच्या गाण्यात हळूहळू आकाश उघडत गेल्यासारखं वाटतं, एवढा महागडा परिणाम या बँडने कुठल्या स्टुडिओत साधला? संघदीपने खाली उत्तर लिहिलं: 'हमाल लावून.' गिटार त्याने विकली नाही. ती दुकानात वाइंडिंग मशीनच्या वर टांगलेली असते.

त्या व्यवहारापासून पंजाबराव सोयाबीन साठवत नाहीत. काढणी झाली की शेतातूनच बाजारात पाठवतात. गोदाम रिकामं आहे, त्यात उंदीर परत आले आहेत, आणि थ्री फेजचा तिसरा अल्बम निघालेला नाही.